मेंबरीण

(केदारखेडा. कडूबाला जाऊन थोडेच दिवस झालेत. घरात त्याची बायको साळूबाई आणि मॅट्रिकला असलेली लेक सत्यशीला; ती बापाला दादा म्हणते.)

सत्यशीला : मंग तू सरपंचाला तोंडावर सांगितलं कामून न्हाई?

साळूबाई : काय सांगू? दारात बसून रडत होते बिचारे. म्हणे, आमचा मेंबर गेला.

सत्यशीला : अन् उठताना काय म्हणले? जागा खाली झाली, दुसरं माणूस घ्यावं लागन! कोणती जागा गं? बायांच्या जागेवर निवडून तू आल्ती. दादा न्हाई.

साळूबाई : ठावं हाये मला.

सत्यशीला : सारं गाव दादाला मेंबर म्हणायचं अन् तुला मेंबरीण. मेंबरची बायको! सरांना विचारलं मी. इंग्रजीत तसं न्हाईच. बाई असो की माणूस, निवडून येईल तो मेंबर.

साळूबाई : इंग्रजीत आसंन. हितं तुझ्या दादाला उभ्या जल्मात कुणी अहो म्हणलं न्हाई. शेंबडी पोरं बी अरेतुरे करायची. मी निवडून आले अन् हाटेलवाला त्याह्यला म्हणला, या मेंबर, बसा बाकड्यावर. घरी आले तर भाकर बी खाल्ली न्हाई, नुसते हसत बसले. मंग मी कोणत्या तोंडानं म्हणू, मेंबर मी हाये म्हून?

सत्यशीला : तवाचं तवा गेलं. आता?

साळूबाई : आता माणूस मातीत गेला, अन् तेवढा एक शब्द होता त्याह्यचा, तो बी काढून घेऊ?

सत्यशीला : उद्या मीटिंगीत हापसा कुठं बसवायचा ते ठरणार हाये. तू गेली न्हाईस तर तो पाटलाच्या आळीत जाईन. अन् आपण पुन्हा त्याह्यच्या विहिरीपशी घागर घेऊन बसायचं, कुणी पाणी वाढतंय का बघत.

साळूबाई : तुझ्या दादानं जागा बी पाहून ठेवल्ती. आपल्या लिंबाखाली. तापात बी तेच बडबडायचे, लिंबाखालीच घ्या म्हून. लई याद येऊन राह्यली गं त्याह्यची.

सत्यशीला : रडू नको, आई. थांब, बाहेर कुणीतरी हाये. पंचायतीचा शिपाई दिसतो, धर्मराजमामा.

धर्मराज : मेंबर! ओ मेंबर! उद्या मीटिंग... आरारा! चुकलो, साळूबाई. दारात आलं की हेच तोंडात येतं बघा.

साळूबाई : चुकला न्हाईस, धर्मराज. उद्या मी येते म्हून सांग सरपंचाला. म्हणावं, जागा खाली न्हाई.

धर्मराज : तुम्ही एकल्याच येता? बरं, सांगतो. मंग आता तुम्हालाच मेंबर म्हणायचं का?

साळूबाई : म्हण.

धर्मराज : अन् कडूबाला?

साळूबाई : त्याह्यला बी मेंबरच म्हण, भाऊ.