मोत्याची श्रावणातली गोळी

खरं तर हे कुणाला सांगणार नाही, असं मी आजोबांना कबूल केलंय. तुम्ही तरी हसू नका.

मुरबाडच्या जनावरांच्या डॉक्टरांनी आमच्या मोत्याला दर महिन्याला एक गोळी द्यायला सांगितली आहे. डास चावला की कुत्र्याच्या रक्तात बारीक अळ्या शिरतात आणि पुढे हृदयात त्यांचे लांब जंत होतात. ते होऊ नये म्हणून ही गोळी, आणि एकही महिना चुकवायचा नाही.

मोत्या ती फक्त सुकटीबरोबर खातो. त्यात लागला श्रावण. भाकरीतून दिली, गुळातून दिली, त्याने थुंकून टाकली.

"सुकट आणू?" मी हळूच विचारलं.

"श्रावणात? माझ्या घरात वास नाय आला पायजे!" आजोबा कडाडले.

"मग मोत्याच्या हृदयात जंत झाले तर?"

दुपारी गोठ्यामागे बघते, तर आजोबाच शेजारून सुकट आणून मोत्याला भरवत होते.

"कुत्र्याला कसला गो श्रावण? आजीला नको सांगू."

मोत्याने गोळी गिळली. मी त्यांना हात धुवायला पाणी घेऊन आले, तर आजोबा डोळे मिटून स्वतःची बोटं चाट...

"चिमे, काय सांगतेस गो त्यांना?"

"काय नाय आजोबा, आले!"