खेड, घाट, मी बरी

पोलीस चौकी, चाकण, तालुका खेड, जिल्हा पुणे.
तारीख ११ नोव्हेंबर १९५७, सोमवार, सकाळी साडेआठ.

नाव दुर्गाबाई मालोजी शिवळे, वय अदमासे अठ्ठावन्न, धंदा शेती व घरकाम, राहणार महाळुंगे. समक्ष हजर राहून, कोणाच्या शिकवण्यावरून नव्हे, सांगते की,

मी वरील ठिकाणी मुलगा अर्जुन व सून सुमन यांच्याबरोबर राहते. अर्जुन पिंपरीस औषधाच्या कारखान्यात कामाला आहे. माझे पती मालोजी सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर होते. ते तीन वर्षांपूर्वी वारले. त्यांची कापडी टपाची जुनी मोटार माझ्या नावावर आहे व गोठ्याशेजारी उभी असते. गेनू हा त्यांच्या हाताखाली वीस वर्षे क्लीनर होता, पुढे स्वतः ड्रायव्हर झाला व अजूनही ती मोटार पुसायला येतो. काल संध्याकाळपासून आपण बाहेर बाकावर बसवून ठेवला आहे तो हाच. मला पळवून नेल्याचा व मोटार चोरल्याचा त्याच्यावर आळ आहे. दोन्ही खोटे आहे. मोटार माझी आहे, आणि पळवण्याचे म्हणाल तर त्यालाच मी पळवले.

पती पंधरा दिवसांनी एकदा घरी येत. जेवताना भाकरीवर बोट फिरवून मला घाटाची वळणे दाखवीत. येथे दरी, येथे माकडे, येथे मोटारीला पाणी पाजायचे. तुला एकदा नेतो, असे दर खेपेस म्हणत. नेले नाही. दिवाळीनंतर मोटार तळेगावच्या एका व्यापाऱ्यास देऊन टाकायची, असे अर्जुनने ठरवले.

तारीख ४, सोमवार, सकाळी सात वाजता मी गेनूच्या घरी गेले व घाटावर न्यायला सांगितले. तो म्हणाला, "वहिनी, आळंदीला व्हय?" मी म्हणाले, "आळंदीचा घाट पायऱ्यांचा. मला वळणांचा पायजे." तो म्हणाला, "अर्जुनदादाला इचारलं का?" मी म्हणाले, "दादाला इचारीत बसले तर तू जल्मभर उभी गाडी पुशीत बसशील." मग तो हसला व धोतर सावरून उठला. परक्या पुरुषाबरोबर एकटी कशी जाऊ, म्हणून त्याची बायको ठकुबाई हिलाही घेतले. घराला कुलूप लावले. त्या कुलपावरूनच तो बायकोसकट फरार झाला असे ठरले, हे मला काल कळले.

निघताना सुमन उखळात मिरच्या कांडत होती. मी दारातून म्हणाले, "घाटावर जाते गं, आठ दिसांनी येते." तिने मान हलवली. मुसळाच्या आवाजात तिला घाट तेवढा ऐकू गेला, आठ दिवस गेले नाहीत. त्यात तिची चूक नाही. मी दर अमावास्येला आळंदीस इंद्रायणीवर जाते, त्यामुळे तिला तोच घाट वाटला.

पहिल्या दिवशी कात्रज व खंबाटकी पाहून वाईस मुक्काम केला. वाईला नदीचाही घाट आहे. तेथे मी आंघोळ केली, म्हणजे सुनेशी खोटे बोलले असेही होत नाही. मंगळवारी पसरणीचा घाट चढलो. अर्ध्यावर डाव्या हाताला झरा आहे, तेथे थांब, असे मी गेनूस आधीच सांगितले. त्याला तो ठाऊक असणारच, पण तो मी सांगेपर्यंत हळू चालवत राहिला. झरा निघाला. तेथे मला रडू आले. हे लिहू का, असे जमादारांनी विचारले. लिहा म्हटले, खरे आहे ते लिहा.

बुधवारी महाबळेश्वराहून आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला गेलो. ठकुबाईने डोळे घट्ट मिटून ठाऊक असतील तेवढे सगळे देव मोजले. खाली पोचल्यावर म्हणाली, "लई झ्याक घाट हाय." हा घाट आपण डोळे झाकून उतरतो, असे पती सांगत. ती शुद्ध थाप होती. तिथे डोळे झाकणारा घरी येत नाही.

गुरुवारी कशेडी घाट ओलांडून खेडला पोचलो. हे खेड रत्नागिरी जिल्ह्यातले. मला घरची आठवण आली म्हणून टपालात कार्ड टाकले. कार्ड मी स्वतः लिहिले. गावात रात्री प्रौढांचा वर्ग चालतो, तेथे मी गेल्या वर्षापासून जाते. सुटी अक्षरे येतात, जोडाक्षरे अजून येत नाहीत. रत्नागिरीत जोडाक्षर आहे. उद्या चिपळूण असे लिहावे, तर उद्या यातही आहे. म्हणून येते तेवढेच लिहिले: "अरजुन. खेड. घाट. मी बरी. आई."

कार्ड शनिवारी पोचले. तोपर्यंत घरच्यांनी आळंदीचा घाट चार दिवस धुंडाळला होता, पाण्यात माणसे उतरवली होती. मोटार गेली ती चोरीला, असे धरून तिचा माझ्याशी संबंध कोणी जोडला नव्हता. शिक्का पुसट होता. सर्वांना आपले हेच खेड वाटले. एवढी तुटक चिठ्ठी मानेवर सुरी ठेवूनच लिहवून घेतात, असे कोणी शहाणा म्हणाला. त्यावरून अर्जुनने फिर्याद दिली व येथील खेडचे वाडेच्या वाडे पालथे घातले. त्या वेळी मी चिपळूणहून कुंभार्ली घाट चढत होते व ठकुबाईस भाकरीवर बोट फिरवून पुढचे वळण सांगत होते. एकही चुकले नाही.

काल रविवारी पाचच्या सुमारास घरी आलो. अंगणात गर्दी होती. कोण गेले, असे मीच विचारले. अर्जुनने गेनूची गचांडी धरली. नदीवर हाका मारून मारून त्याचा आवाज बसला होता. मग तो मोटारीच्या पायरीवर बसला व म्हणाला, "आई, मला का न्हाई सांगितलंस?" त्याचे उत्तर आता सांगते. सांगितले असते तर तू नाही म्हणाला असतास, आणि तुझे नाही मला मोडवत नाही. तुझ्या जिवाला घोर लावला, एवढे माझे चुकले. गेनूचे काही चुकले नाही. त्याला सोडल्याशिवाय मी येथून उठणार नाही.

अर्जुन आता बाहेर आहे. गेनूसाठी त्यानेच भाकरी आणली आहे व दोघे एका फडक्यातले खात आहेत. सकाळी येताना त्याने मला विचारले, "वरंधा घाट कुठंशी आला?" तो तेवढा पाहायचा राहिला आहे. तळेगावच्या गिऱ्हाइकाला काय सांगायचे ते तो बघेल, असे म्हणाला. वरंधा या शब्दात जोडाक्षर नाही. त्यामुळे या खेपेस कार्ड नीट लिहीन, पण ते सुनेला. अर्जुन मोटारीत असेल.

हा जबाब मी स्वतः बोट ठेवून वाचला. जोडाक्षरे आडवी आली तेथे जमादारांनी वाचून दाखवले. मी सांगितले तेच लिहिले आहे. अंगठ्यासाठी शाई पुढे केली होती, ती नको म्हटले.

सही: दुरगाबाई

समक्ष: लक्ष्मणराव, जमादार. गेनू यास भाकरी संपल्यावर घरी सोडले.