साहेबांसाठी होडी

भोकं? होडीला भोकं? — नाय, पुन्हा दाखवा ते होड्यांच्या चित्रांचं पुस्तक, माझी नजर जरा अधू हाय — हां, हायत खरी, चार भोकं, मुद्दाम पाडलेली. वर आलेलं पाणी त्यातनं आपोआप खाली जातं म्हणता? वा! म्हणजे आमी सातपाटीवाले जन्मभर होडीची भोकं बुजवत बसलो ते येडेच. आणि हिच्यात बसायचं नाय, हिच्यावर बसायचं — म्हशीवर बसतात तसं! बसा की. पण ही पिवळी प्लास्टिकची मी कुठनं आणू? माझ्याकडं हाय ती ही सागाची, एक्क्याऐंशीला माझ्या हातानं बांधलेली. आमचा पुंडलिक बोलला, बाबा, कंपनीतले आमचे साहेब येतायत होडी बघायला, गोड बोला, दिवाळीला मला कायम करायचं का नाय ते त्यांच्याच सहीवर हाय. म्हणून गोड बोलतोय. एरवी मी असा बोलत नाय.

तर तुमाला पायजे काय? बोईसरची हवा पुरे झाली, रविवारी इथनं चिंचणीपर्यंत एकट्यानं वल्हवत जायचं, वाटेत मासे पण मारायचे. बरं. मग आधी ठरवा. लांब अरुंद होडी सरळ पळते, पण मासा ओढायला वाकलात की तीच तुमाला माशाकडं पोचवते. रुंद होडी डुलत नाय, पण चिंचणी येईस्तोवर सोमवार उजाडेल. दोन्ही पायजे? दोन्ही सगळ्यांनाच पायजे असतं, साहेब. ही मधली हाय. बसा, इथं वाळूवरच बसून बघा — बूट काढा — टाच त्या आडव्या फळीला टेकली पायजे, वल्हवायला जोर पायातनं येतो. टेकत नाय? फळी अलीकडं सरकवून देतो, तुमचे पाय काय आता वाढायचे नायत. मासे ठेवायचे कुठं? पायाशी. आधी मिळू तर द्या!

दोघं मावतील का? बाईसाहेब पण येणार? अहो, आता मी नि पुंडलिक चार दिवस हिच्यातच तर होतो. कधी म्हणजे? नारळी पुनवेला दर्याला नारळ दिला, दुसऱ्या पहाटेपासनं. त्या दिवशी कोळ्याचा पोर घरात राहिला तर गावात बापाला तोंड दाखवायला जागा राहत नाय. आणि काय वल्हवलंय पोरानं! तुमच्याकडं दोन पापलेटं पाठवली होती बघा, ती तेव्हाचीच. आवडली ना? — ताप? कुणाला ताप? पुंडलिकला? छे हो, घोड्यासारखा —

चिठ्ठी? डाक्टरची? रजेसाठी कंपनीत दिलेली?

हां. हां हां, ताप होता की. होडीतच होता ताप. कडक. दर्याची हवा लागली की उतरतो म्हणून मीच घेऊन गेलो — हिरा, अगं हिरा, पोराला ताप होता ना गं पुनवेला? — नाय म्हणते. तिला काय ठाऊक, ती बाजारात होती. साहेब, बूट कशाला घालताय, बसा हो, फळी आत्ता सरकवतो. होडी घेऊन जा. पैशाचं बोलूच नका, वल्ही पण न्या, दोन्ही.

साहेब, ऐका. तो नाय म्हणत होता. रजा मिळणार नाय, बाबा, म्हणत होता. मीच अंगावरचं पांघरूण ओढलं. माझा हा उजवा खांदा गेलाय, वर्ष झालं, हात डोक्यावर जात नाय, गावात कुणाला बोललो नाय, हिला पण नाय. एकट्यानं होडी बाहेर काढली असती तर किनाऱ्यावरच सगळ्यांना कळलं असतं. म्हणून नेला त्याला. लाज वाटत होती मला, दुसरं काय नाय. चूक माझी हाय, त्याला कायम करायची सही नका अडवू — साहेब, स्कूटर बंद करा जरा, चहा तरी —

हिरा, चहा नको टाकू. गेले.