बुर्गोसचं तिकीट

१९८४ च्या फेब्रुवारीत दक्षिण स्पेनमधल्या मालागा स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत रेमेदियोस उभी होती. पुढे उत्तरेकडच्या थंड बुर्गोसच्या बेनिताबाई होत्या, इथे हिवाळा काढायला आलेल्या विधवा. एवढ्यात त्यांच्या शेजारी धापा टाकत मालागाचेच म्हातारे अनिसेतो आले.

"बेनिताबाई, कादिसचं कार्निव्हल राहिलंय अजून!"

"नोव्हेंबरपासून हेच ऐकतेय. आधी म्हणालात, ग्रानादा बघा. मग म्हणालात, डोंगरावर बदाम फुलू देत."

"फुलले ना?"

"फुलले. पाहून झाले. आता घरी जाते."

"तिकडे बर्फ पडतोय, बाई."

"बर्फातच जन्म गेला माझा."

"म्हणून तर म्हणतो, आता पुरे! काल सगळा बाजार विचारत होता, लग्न कधी?"

"अगं बाई! मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, त्यांना अजून विचारलं नाही."

"मग विचारा की! खिडकी आली."

"राहता का माझ्याबरोबर? कायमच्या?"

बेनिताबाई वळून रेमेदियोसला म्हणाल्या, "बाई, तुम्ही व्हा पुढे."

त्या लग्नात वधूपक्षाकडून रेमेदियोस मिरवली. बेनिताबाई मालागाच्याच झाल्या. अनिसेतो मात्र दर जूनला कौतुकाने बुर्गोसला सासुरवाडीला जात आणि तिथल्या जूनमधल्याही गारठ्याने सर्दी घेऊन परत येत.