मरोळ ते वर्सोवा, शिंगाळ्यासह

नाही सांडणार हो काका, दोन्ही पायांनी दाबून धरलीय बादली — तुम्ही फक्त खड्डे चुकवा. मीटर टाकलात ना? झकास. काय आहे म्हणजे? मासा आहे. जिवंत. वर्सोव्याला सोडायचाय. आज सकाळीच वर्सोव्याहून आलाय, आता परत चाललाय, त्याला तिकडे राहायचंय. हसा, हसा, मलाही मघापासून हसू येतंय, थांबतच नाहीये, पोटात दुखायला लागलं. आणि सीटवर थेंब उडाला तर मी पुसून देईन, समुद्राचं पाणी आहे, डाग पडतो — पण असा गचकन ब्रेक नका मारू. त्याचे कल्ले बघा कसे चाललेत. दम लागलाय त्याला. किती वेळ जगेल? तेच तर माहीत नाही ना. म्हणून तर म्हणतेय, चकाल्यावरून नका घेऊ, आतून घ्या.

शिंगाळा म्हणतात याला. मिशा दिसतात का आरशात? गळाला शिंगाळा लागला की लोकांची तोंडं वाकडी होतात. आमच्या बिल्डिंगमधले सगळे काका दर रविवारी रॉड घेऊन सात बंगल्याच्या मागच्या खडकांवर जातात — तुम्ही नाही हो काका, ते वेगळे काका. त्यांना रावस पाहिजे, तांबोशी पाहिजे, आणि लागतं काय, तर केंड नाहीतर शिंगाळा. मग राग कोणावर? माशावर. शिंगाळ्याचा काटा विषारी, तो पक्कडीनं मोडायचा आणि मासा भिरकावायचा खडकाच्या कपारीत, उन्हात मरायला. पाण्यात नाही टाकायचा. का? तर परत तोच येऊन गळाला लावलेली करंदी खाऊन जाईल म्हणे, जसं काय त्याचं खातं उघडलंय यांच्याकडे. आणि केंड — तो घाबरला की फुगतो, अगदी चेंडूसारखा — त्याला चोळून चोळून फुगवतात आणि मग लाथ. साठी उलटलेली माणसं, काका. गुडघ्याला पट्टा, जिना चढताना देव आठवतो, पण केंडाला लाथ कशी बरोब्बर बसते. मी गेले होते एकदा. आमचे सेक्रेटरी आहेत, चंद्रप्रकाश काका, त्यांना म्हटलं, अहो जिवंत आहे तो, पाणी दोन पावलांवर आहे, टाका ना. तर म्हणाले, "इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेल्यांनी आम्हाला शिकवू नये." सगळे हसले. सगळे म्हणजे सगळे. आमचे पप्पासुद्धा.

सोडलं म्हणजे सोडलं, तिसऱ्या वर्षाला. त्यात काय एवढं. कोणाला शिकायचं होतं ते? बापाला. मग त्यानं शिकावं. तो तर अजून सांगत फिरतो, शीतल गॅप घेतेय — वॉचमनला सांगतो, दूधवाल्याला सांगतो, परवा गॅसवाला नुसतं सिलिंडर ठेवायला आला होता, त्याला बसवून सांगितलं. त्याच्या तोंडाला झाकणच नाही. झोपेतसुद्धा बोलतो, आईला विचारा. मला काय वाटतं ते सोडून सगळ्यावर बोलतो. मला एवढंच पाहिजे होतं की त्या दिवशी तो एकटा तरी हसायला नको होता — जाऊ दे, तुम्हाला कशाला सांगतेय मी. हां, तो मागे हॉर्न वाजतोय ना, तिकडे लक्ष नका देऊ. स्कूटरवाला. ओळखीचा आहे. ओळखीचा म्हणजे — बापच आहे माझा. दाबा ना काका, दाबा, पूल गाठला की सुटलो.

नाही हो, पळवून कशाला आणीन, मासा काय कोणाच्या मालकीचा असतो? झालं असं, आज सकाळी चंद्रप्रकाश काकांना हा लागला. त्यानं गळ गिळला नव्हता, हे लक्षात ठेवा, गळ कल्ल्यामागे बाहेरून अडकला होता. त्यांनी काटा मोडला, फेकला कपारीत. पप्पांनी उचलला. आम्ही सेलूचे, परभणीकडचे, काका. तिकडे समुद्र कुठला, दुधना नदी. तिकडे बाजारात मरळ मासा पत्र्याच्या डब्यात जिवंत विकायला ठेवतात, घरी आणून बादलीत ठेवला तरी आठवडाभर आरामात जगतो, पाहिजे तेव्हा कापा. पप्पांना वाटतं सगळेच मासे मरळ. म्हणून ही रंगाची बादली समुद्राच्या पाण्यानं भरली, वर तेलाचा कॅन भरून घेतला, आणि स्कूटरवरून वरात मरोळला. मोरीत ठेवला. म्हणे बुधवारी करू, माझा भाऊ केतन येतोय नाशिकहून. बुधवारी! याला दुपार बघायला मिळेल की नाही शंका, आणि आई तर त्यात बोअरिंगचं गोडं पाणी ओतायला निघाली होती, बिचाऱ्याला मोकळं वाटावं म्हणून.

मी दात घासत होते. सहज वाकून बघितलं तर यानं तोंड उघडलं आणि करवंदाएवढी पिवळी गोळी बाहेर. मग दुसरी. मला वाटलं, काहीतरी खाल्लंय यानं. मोबाइलवर बघितलं — अंडी आहेत काका. आणि ही आई नाहीये, हा बाप आहे. शिंगाळ्यात अंडी बाप सांभाळतो, तोंडात धरून, पिल्लं निघेपर्यंत, आणि तेवढे दिवस काही म्हणजे काही खात नाही. तोंड मिटून फिरतो नुसता. तर गळ गिळेल कशाला? कळलं ना आता? मी ओरडत बाहेर आले, पप्पांना सांगितलं, बघा, हा काय घेऊन आलाय. तर ते सुरू झाले — मासा तो मासा, निसर्गाचा नियम, फिटर म्हणून मी तीस वर्षं, तुझ्यासारखं सगळं अर्धवट सोडलं असतं तर... आई म्हणाली, मग मरायच्या आत आत्ताच कापू, आणि विळी काढली. मी बादली उचलली आणि पळाले. नाइट ड्रेसवर. तीन जिने. दुसऱ्या मजल्यावर हिंदकळली, काही गोळ्या सांडल्या पायऱ्यांवर, घरंगळत गेल्या, थांबले नाही मी, थांबले असते तर पकडलं असतं. त्या गेल्या. पण याच्या तोंडात अजून आहेत, शपथ, बघा गाल कसे फुगलेत. आणि वरून बापाचा आवाज येतच होता, मी खाली तुमच्या रिक्षात बसेपर्यंत.

अजून आहे का मागे? हॉर्नच वाजवतोय नुसता, ओरडत कसा नाहीये? मगाशी पुलावर एवढा जवळ आला होता, एक शिवी नाही, शीतल म्हणून हाक नाही. घसा बसला वाटतं. बरं झालं. वाट लागली — सिग्नल. चार बंगल्याचाच ना हा? अहो इथून समुद्र दोन मिनिटांवर — आला, आला बाजूला. काका, तुम्ही मध्ये पडू नका, मी बघते. पप्पा, मी देणार नाहीये, आधीच सांगते. लोकांसमोर तमाशा करायचा तर करा. तुम्हाला हसायचं तर हसा, त्या दिवशी हसलात तसं. बोला ना आता. रोज तर — काय झालं? ते काय आहे तोंडात?

काका, थांबा जरा.

पिशवी आहे. भाजीची, पातळ पिशवी. दातांत धरलीय. पाणी आहे आत, कॅनमधलं असणार, आणि खाली गोळ्या — पप्पा, या जिन्यातल्या? सगळ्या वेचल्या? अहो, हुकला अडकवायची ना, समोर हुक आहे स्कूटरला — हां. खड्डे. हिंदकळल्या असत्या. द्या इकडे, बादलीत सोडते. द्या ना. मान हलवतायत. नाही म्हणतायत, पुढे बोट दाखवतायत. म्हणजे मरोळपासून तुम्ही असेच —

हिरवा झाला, काका. चला. हळू घ्या, त्यांना मागून येता आलं पाहिजे.

आणि आरशात नका बघू आता.