नांगरावरचे महिने

हैसम : हसण्यावारी नेऊ नका, वगीहकाका. सरळ सांगा. नांगरावरचे दिवस परीक्षेसाठी धरतात की नाही?

वगीह : कोण म्हणालं नाही म्हणून?

हैसम : अकादमीतला मित्र. आत्ताच फोनवर. जहाज चाललं तरच दिवस भरतो म्हणे. सुएझसमोर सात महिने नुसतं बसणं म्हणजे मुक्काम, नोकरी नव्हे.

वगीह : खरं बोलला पोरगा.

हैसम : म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं!

वगीह : तीस वर्षं अधिकारी आहे मी. ठाऊक नसायला काय झालं?

हैसम : आणि मी रोज वहीत तारीख टाकतोय! मालक पळाला, बंदरानं जहाज अडकवलं, कप्तान निघून गेले. म्हटलं, बारा महिने भरू देत, अधिकाऱ्याच्या परीक्षेला तर बसता येईल. दोनदा घरी जायची पाळी सोडली मी. तुम्ही पाठ थोपटलीत माझी!

वगीह : हळू. तिकडे स्वयंपाकघरात सब्री भांडी घासायचा थांबलाय.

हैसम : ऐकू दे त्याला. आज बदली माणूस येतोय ना? मी उतरणार.

वगीह : एक चढला की एकच उतरतो. चौघं जहाजावर हवेतच, बंदराचा हुकूम. आणि उतरायच्या परवान्यावर माझं नाव आहे. गेल्या आठवड्यात तूच लिहून दिलंस, मला जायचं नाही म्हणून.

हैसम : तुम्ही लिहू दिलंत!

वगीह : हो, दिलं. दीड वर्ष झालं रे. ऑपरेशनात बायकोचं पोट फाडलं, मी इथून फोनवर दुवा मागत होतो. तुला सांगितलं असतं तर तू गेला असतास. लाज वाटते मला, वल्लाह. पण जाणार मीच.

हैसम : पुढची बदली कधी?

वगीह : या माणसाला पाच महिने लागले. वही आण. मी गेल्यावर सही करणारा अधिकारी कुणी उरणार नाही. जहाज चाललं ते चार महिने लिहितो.

हैसम : अकरा लिहा.

वगीह : जहाज कुठं उभं होतं हे इंटरनेटवर साऱ्या जगाला दिसतं. खोटं लिहिलं तर चारही जातील.

हैसम : मग हे सात कशात धरायचे?

वगीह : वयात, बाळा.

(खालून बोटीचा भोंगा.)

हैसम : बॅग द्या इकडे. शिडी निसरडी आहे.