इतक्या लांबून, बोटांसाठी

हॅलो?… हां, बोल गं धाकटे… अगं, आधी श्वास घे. सातवा महिना लागलाय तुला, अशी धापा टाकत काय बोलतेस?… काय?… ठेकेदार म्हणाला, चिकटवायच्या सोल्यूशनचे डबे पलंगाखाली सारा?… आणि चपलांचे पट्टे शेजारणीकडे? वा! कुणी विचारलंच तर, आम्ही घरात काहीच चिकटवत नाही म्हणायचं?

ऐक. काही लपवू नकोस. डबे आहेत तिथेच राहू देत…

अगं ऐक ना! कंपनीच्या त्या बाई काल आमच्याकडे येऊन गेल्या, म्हणून तर सांगतेय… हो, हो, त्याच. परदेशातल्या. सोबत एक दुभाषी पोरगी… आम्हीही लपवलंच होतं की! आईने आणि मी खोली घासूनपुसून लख्ख केली. पण डबे सारताना घाईत एक कलंडला. बाई आल्या, बूट दाराशी काढले, दोन पावलं आत टाकली आणि… पाय वर, मोजा फरशीला!… हसतेस काय?

नाही, चिडल्या नाहीत. तशाच खाली बसल्या, एक पाय उघडा. पिशवीतून चप्पल काढली… अगं, आपली! सोनेरी बक्कलवाली. म्हणाल्या, ही आमच्या दुकानातली. दुकानातून गोदाम, गोदामातून कारखाना, तिथून मोठा ठेकेदार, मग आपला… जो तो म्हणे, इथेच संपलं, पुढे कुणी नाही. आणि या विचारत विचारत थेट आमच्या जिन्यापर्यंत! मला वाटायचं, मालाची गाडी वळणाआड गेली की चपलेचा नि आपला संबंध संपला…

कशाला म्हणजे? त्यांच्या देशात आता कंपनीलाच जाब विचारतात म्हणे. वस्तू कुणाच्या हातून आली, नि त्या हातांचं काय झालं…

आई? आई काय बोलणार! तिने नुसते हात पुढे केले. बाईंनी एकेक बोट दाबून पाहिलं. इथे लागतंय?… नाही. इथे?… नाही. गरम कप धरला तरी तिला कळत नाही, हे मीच सांगितलं. तेव्हा आई म्हणते कशी, "इतक्या लांबून तुम्ही माझ्या बोटांसाठी आलात?"… हो ना. बाईंनी बोटं हातात धरूनच सांगितलं, हे त्या सोल्यूशनच्या वासाने झालंय.

काम जाईल?… तीच तर भीती. म्हणून तर इतकी वर्षं तोंड शिवून बसलो आपण. पण बाईंनी ठेकेदाराला समोर उभं करून बजावलं, या घरचं काम काढून घ्यायचं नाही… अगं, आज सकाळी माल आला! त्याने स्वतः आणला, मान खाली घालून. आणि नवा डबा. मी झाकण काढून नाक घातलं, तर वासच नाही! म्हटलं, मेल्याने रिकामाच दिला… नाही गं, काठोकाठ भरलेला. बिनवासाचं, नवं सोल्यूशन.

पुढच्या वर्षीही काम राहील?… ते मी कसं सांगू? मला नाही माहीत. पण तुझ्या पोटातलं पोर तो वास आत्ता घेतंय, एवढं माहीत आहे.

… काय वाजलं? दार?… त्याच आल्या?… ठेकेदार मागे उभाय? असू दे उभा. डोळे वटारू दे. तू फोन ठेवू नकोस, तसाच हातात धर. मी आहे. जा, उघड…

…

बोल ना, बये… बोल…

…

ऐकलं! ऐकलं गं मी!… केवढ्याने बोललीस! आई… अगं आई, इकडे ये, तिने सांगितलं! ठेकेदारासमोर सांगितलं, सगळं इथेच चिकटवते म्हणून!… हॅलो?… धाकटे?… हॅलो?